आईबाप फलाटापर्यंत

हॉलंडातल्या नीउ-व्हेनेप गावच्या जयंती मोकाशीचा एक नियम होता, आणि तो मोडायची अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या भल्याभल्या साहेबलोकांची छाती झाली नव्हती. आईबाप फलाटापर्यंत. शाळेच्या शेवटच्या वर्षांतली आपली मराठी पोरं घेऊन ती विद्यापीठं दाखवायला निघाली, की आईवडलांनी स्किपोल स्टेशनच्या फलाटावर यायचं, डबा द्यायचा, कानटोपी घाल म्हणून एकदा सांगायचं, हात हलवायचा आणि घरी जायचं. गाडीचं दार लागलं की संध्याकाळपर्यंत पोर जयंतीचं.

एवढं ऐकून कुणाला वाटेल, बाई मोठी खमकी असणार. तसं काही नव्हतं. ठेंगणी मूर्ती, नाकावरून सारखा घसरणारा चष्मा, आणि बोलताना समोरच्याची बाही धरून ठेवायची सवय. बाही सोडली की समजायचं, बोलणं संपलं. कराडजवळच्या खेड्यातली मुलगी. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून हॉलंडात आली. नवऱ्याचं नाव मोरेश्वर. ते नाव ऑफिसातल्या डच मंडळींच्या जिभेला पेलेना, म्हणून त्यांनी त्याचं 'मो' करून टाकलं. जयंतीला हे कुणी सांगितलंच नाही. पहिले काही महिने ती सासूबाईंना फोनवर सांगायची, "ह्यांच्या ऑफिसात तो कोण मो आहे ना, फार हुशार दिसतो. जो उठतो तो मोलाच हाक मारतो." सासूबाई म्हणाल्या, "मग आमच्या मोरूला सांग, त्याच्याकडून काहीतरी शीक म्हणावं." हे मोरेश्वरच्या कानावर गेलं तेव्हा तो दोन दिवस गाल फुगवून बसला होता.

सहली सुरू झाल्या त्याही अशाच, न ठरवता. शेजारणीच्या मुलाला डेल्फ्टचं विद्यापीठ बघायला जायचं होतं. बापाला ऑफिसातून सुटका नाही, आई बाळंतीण. जयंती म्हणाली, मी नेते, मला तरी काय काम आहे. घरात शब्दाला महाग असलेला तो पोरगा परतीच्या गाडीत असा काही बोलत सुटला, की लेडन कधी गेलं ते दोघांनाही कळलं नाही. पुढच्या वेळी पाचजण आले. मग पंधरा. मग अ‍ॅमस्टेलव्हीनच्या दिवाळीत बायका तिला कोपऱ्यात गाठून विचारू लागल्या, "आमच्या चिरंजीवांचं नाव घेतलंस ना गं?"

सहल म्हणजे तिच्या लेखी इमारती नव्हत्या. त्याला कारण होतं. बारावीनंतर वडील तिला एसटीने कोल्हापूरला घेऊन गेले होते, विद्यापीठ दाखवायला. ग्रंथालय पाहिलं, बाग पाहिली, त्यातलं तिला काही आठवत नव्हतं. आठवायचं ते वसतिगृह. तिथे तिच्याच तालुक्यातल्या मुली होत्या. त्यांनी वडिलांना बाहेर बाकावर बसवलं, तिला आत नेलं, दार लावून घेतलं, ताटात झुणका वाढला आणि म्हणाल्या, "आता विचार काय विचारायचंय ते." जयंतीने विचारलं, "इथे रडू आलं तर कुठे जाता तुम्ही?" कुणी हसलं नाही. एकीने तिला जिन्याखालची जागा दाखवली.

म्हणून तिच्या सहलीत सगळ्यात मोठा कार्यक्रम पंगतीचा. ती व्हायची ग्रोनिंगनला, जयेशच्या इमारतीत. जयेश नाशिकचा, तिथे एम.एस. करत होता. लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना खोल्या आणि टोकाला सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, त्यात मोठं टेबल. जयंतीने आठवडाभर आधी फोन केला, की जयेश कामाला लागायचा. गावभर विखुरलेली मराठी पोरं तो गोळा करायचा, कुणी मेडिकलच्या बाजूचा, कुणी पार दुसऱ्या टोकाचा, एखाददुसरा चक्क झ्वोलहून गाडीने. जयंती घरून मसालेभात आणि श्रीखंड न्यायची. आमटी मात्र तिथे, गरम. फोडणी पडली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा, म्हणून एका पोराकडे खास काम असायचं. खुर्चीवर उभं राहायचं आणि त्या भोंग्याखाली ताटलीने वारा घालायचा. हा मान मोठा समजला जायचा. वाढून झालं की जयंती बाहेर यायची आणि दार ओढून घ्यायची. आत पोरांनी पोरांना हवं ते विचारायचं. तिथे बोललेलं तिच्याही कानावर येणार नाही, असा तिचा शब्द होता, आणि तो ती डोळ्यांत तेल घालून पाळायची. बोळात पिशवीवर बसून ती स्वेटर विणायची.

दोन हजार एकोणीसच्या नोव्हेंबरातली सहल तर गाजली. एका मुलाचे आजोबा, बाळासाहेब, सोलापूरहून नातवाकडे आले होते. ते फलाटावरून हलेनात. म्हणाले, "नियम आईबापांचा आहे. आजोबांबद्दल त्यात काही नाही." जयंतीने हात टेकले. बाळासाहेब गाडीत बसले, झ्वोलपर्यंत सगळ्या डब्याला ऊस आणि बीट यांतला फरक समजावला, पंगतीला पोरांच्या मांडीला मांडी लावून बसले. दार लागल्यावर त्यांनी काय विचारलं, तो एकच प्रश्न बाहेर फुटला, कारण परतीच्या वाटेवर ते स्वतःच सांगत सुटले. "मी विचारलं, इथे शिकायला वयाची काही अट आहे का. तो जयेश म्हणाला, नाही. मग काय, म्हटलं, पुढच्या वर्षी मी येतो."

त्याच पंगतीत चैत्राली होती. अजित आणि शर्मिलाची एकुलती एक, अ‍ॅमस्टेलव्हीनची. लाजरी, मान खाली, केस डोळ्यांवर. शाळेत तिचं कुणाशी फारसं जमत नव्हतं. पंगतीतून बाहेर आली ती मात्र कानांपर्यंत लाल होऊन, हसत. गाडीत जयंतीच्या शेजारी बसून म्हणाली, "मावशी, मी इथेच येणार. आय नो." जयंतीने वाढताना काढलेले पंगतीचे फोटो आईबापांच्या ग्रुपवर टाकले. शर्मिलाचं उत्तर लगेच आलं: किती गजबज आहे गं, घरासारखंच.

मग मार्च आला आणि सगळ्याला कुलूप लागलं.

विद्यापीठं बंद, पंगत बंद. मोरेश्वर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर 'मो' झाला, आणि जयंतीला सासूबाईंना सांगितलेला तो हुशार मो अखेर घरबसल्या बघायला मिळाला. तिने संगणकावरून सहल करून बघितली. पडद्यावर काळ्या चौकटींच्या रांगा, प्रत्येकीत एक नाव. जयंतीने विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" कुणाच्या तरी घरचा मिक्सर सुरू झाला, तेवढाच आवाज. चौकटीची बाही धरता येत नाही. पुन्हा तिने तो उद्योग केला नाही.

जयेशचं शिक्षण संपलं होतं. भारतात जाणाऱ्या एका खास विमानात त्याला जागा मिळाली आणि तो नाशिकला गेला. त्याची खोली रिकामी झाली. आणि बघा योग कसा, सप्टेंबरात चैत्राली ग्रोनिंगनला गेली तेव्हा तिला खोली मिळाली ती त्याच इमारतीत, त्याच बोळात. शर्मिलाने जयंतीला फोन करून सांगितलं, "तुझ्या पंगतीच्या घरातच गेली गं पोरगी. आता मला घोर नाही." जयंतीलाही बरं वाटलं.

हिवाळ्यात मात्र त्या फोनांचा सूर बदलला. वर्ग पुन्हा बंद झाले होते. नऊनंतर रस्त्यावर यायला बंदी, घरात पाहुणा एकच. चैत्राली नाताळातही घरी आली नाही, म्हणाली, परीक्षा आहे. कॅमेरा लावत नव्हती, म्हणाली, नेट स्लो आहे. मग नुसते मेसेज. बिझी आहे, आई. जेवले, आई. शर्मिलाने कधी विचारलं, की पेपर कसे गेले, तर अंगठ्याचं चित्र यायचं. सोबत दोनच शब्द, चांगले गेले.

फेब्रुवारीत बर्फ पडला. एरवी त्या देशात बर्फ म्हणजे पिठीसाखर भुरभुरवल्यासारखा, दुपारपर्यंत चिखल. त्या वर्षी घोट्याघोट्यापर्यंत आला, आणि वारं तो भिंतींशी, झाडांशी ढिगांनी लोटत होतं. आगगाड्या बंद पडल्या, रस्ते अडले. आणि नेमकी त्याच दिवसांत चैत्रालीची मेसेजची उत्तरंही थांबली. शर्मिलाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने इमारतीच्या कार्यालयात फोन केला, तिथे यंत्र बोललं. अजित गाडी काढायला निघाला, तर कोपऱ्यावरच घसरून कुंपणाला धडकला आणि मनगट दुखावून घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी चैत्रालीचा एकच शब्द आला, "ओके." शर्मिला म्हणाली, हा माझ्या पोरीचा शब्द नाही.

गाड्या सुरू झाल्या त्या सकाळी शर्मिला जयंतीच्या दारात. मास्क, अजितचं मोठं जाकीट, हातात डबा.

"चल," ती म्हणाली. "तू नेलं होतंस ना तिला. आता मला ने."

जयंतीने बूट घातले. मोरेश्वर टेबलावरून मान वर करून काहीतरी विचारणार होता, पण शर्मिलाचा चेहरा पाहून त्याने ती पुन्हा खाली घातली.

गाडीचा डबा जवळजवळ मोकळा होता. दोघी समोरासमोरच्या बाकांवर बसल्या, एक जागा सोडून तिरक्या. बाहेर कालवे गोठले होते आणि त्यांवर माणसं घसरत होती, पोरंटोरं, म्हातारे, कुणी लाकडी खुर्ची पुढे ढकलत शिकणारं. सगळा देश आनंदात होता. लेलीस्टाडपर्यंत शर्मिला हातातल्या डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आम्ही लेडनला घालणार होतो तिला. घरून जाऊन-येऊन. तुझे ते फोटो बघितले आणि अजित म्हणाला, असू दे, आपली एवढी माणसं आहेत तिथे."

जयंतीला तेव्हाच त्या फोटोंबद्दल खरं बोलायला हवं होतं. तिच्या घशापर्यंत आलंही. पण तेवढ्यात तिकीट तपासनीस आला, आणि तो जाईस्तोवर झ्वोल आलं, आणि झ्वोल गेल्यावर शर्मिला खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. राहिलं ते राहिलंच.

इमारतीखाली सायकलींची लांब रांग होती. सगळ्या बर्फाखाली गेलेल्या, नुसते उंचवटे दिसत होते. दारावर इंग्रजीत आणि डचमध्ये कागद लावला होता की एका खोलीत एका वेळी एकच पाहुणा. जयंतीने बेल दाबली. बराच वेळ काही नाही. मग बेलशेजारच्या जाळीतून आवाज आला, खोल, झोपेतल्यासारखा.

"कोण?"

"अगं, मी जयंती मावशी. आई पण आलीय."

जाळीत खरखर झाली. "मावशी, तू ये. आई नको."

शर्मिला शेजारीच उभी होती. सगळं तिने ऐकलं. जयंती काही बोलणार तेवढ्यात तिने डबा पुढे केला.

"घे. तुझाच नियम आहे ना? हा फलाट समज."

जयंती वर गेली. बोळ तोच, पण दारांपुढे बूट नव्हते, आवाज नव्हते. चैत्राली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अंगातला स्वेटर तिला दोन मापं मोठा झाला होता, की तीच दोन मापं लहान झाली होती. केसांना कित्येक दिवसांत कंगवा लागलेला नव्हता. जयंतीने तिची बाही धरली, आणि आत हाताऐवजी काडी असावी तसं तिला वाटलं.

स्वयंपाकघरातलं मोठं टेबल नाहीसं झालं होतं. लोकांनी जमू नये म्हणून ते उचलून नेलं होतं, खुर्च्यांसकट. फ्रिजच्या कप्प्यांना इवलीइवली कुलपं होती. ओट्यावर कुणाचा तरी एकच कप वाळत पडला होता. भोंगा मात्र छतावर होता तिथेच, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"जेवतेस का गं?" जयंतीने विचारलं.

"टोस्ट."

जयंतीने डबा उघडला. थालीपीठं होती, लोण्याचा गोळा होता. चैत्रालीने पाहिलं आणि हात लावला नाही. जमिनीवर, भिंतीला टेकून बसली. जयंतीही गुडघे मोडत खाली बसली.

"इथे बोललेलं बाहेर जात नाही ना अजून?" चैत्राली म्हणाली.

"नाही जात."

"मी पेपर दिले नाहीत. एकही. लॉगिन करायचे आणि बंद करायचे." ती बोटाने फरशीची रेघ घासत होती. "आईला सांगितलं, चांगले गेले."

पोरीला अजून काहीतरी काढायचं होतं, ते दिसत होतं.

"मावशी, ते सगळे कुठे जमतात आता?"

"कोण सगळे?"

"पंगतवाले. मी त्या दिवशी विचारलं होतं जयेशदादाला, तुम्ही असे रोज जेवता का. तो म्हणाला, रोज, तुझंपण ताट मांडून ठेवतो. मी आले तर कुणीच नव्हतं. मला वाटलं, कोविड. पण नोव्हेंबरमध्ये खालच्या मजल्यावर कुणीतरी फोडणी घातली. मला वास आला. हसत होते सगळे. मी प्लेट घेऊन गेले दारापर्यंत." ती थांबली. "मग परत आले. मला कोण ओळखतं. त्यांना मी नको असणार. मी शाळेतपण अशीच होते ना. मला वाटलं होतं, इथे तरी..."

नियमाप्रमाणे जयंती त्या दिवशी बाहेर बोळात विणत बसली होती. जयेशचं ते 'रोज' तिने ऐकलंच नव्हतं. आणि ऐकलं असतं, तरी खरं सांगायचं तर तीही हसली असती. एवढ्या आनंदाच्या जेवणात कोण कुणाचा शब्द तपासून बघतो.

तिने बाही घट्ट धरली.

"चैत्राली, ऐक. ती पंगत रोजची नव्हती. कधीच नव्हती. वर्षातून दोनदा, मी येणार म्हणून व्हायची. जयेश फोन करकरून पोरं बोलवायचा. एक तर झ्वोलहून यायचा. त्यातल्या निम्म्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती गं, जेवताना व्हायची. आम्ही परत निघालो की तेही आपापल्या वाटेने. दुसऱ्या दिवशी जयेश याच ओट्याशी एकटा उभा राहून नूडल्स खायचा. मला सांगायचा तो. मी ते तुम्हा पोरांना कधी सांगितलं नाही."

चैत्रालीचं फरशी घासणारं बोट थांबलं.

"का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, घाबराल. मला तुम्हाला आपली माणसं दाखवायची होती. नव्हती तर मी गोळा केली."

"म्हणजे मला सोडून कुणी जेवत नव्हतं?"

"कुणीच जेवत नव्हतं. खाली कुणी फोडणी घातली देव जाणे. तू दार वाजवलं असतंस तर वाढलं असतं की नाही, तेही मला माहीत नाही. पण तुला वगळून मांडलेली अशी कुठली पंगत नव्हती."

चैत्रालीने तोंड स्वेटरच्या गळ्यात घातलं. रडते आहे की काय ते कळत नव्हतं. मग आतूनच म्हणाली, "दॅट्स सो मीन, मावशी."

"हो," जयंती म्हणाली.

जयंतीने तिच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवायला घेतला. शेवटी जयंती म्हणाली, "पेपरांचं मी आईला सांगणार नाही. माझा शब्द आहे. पण ती खाली आहे."

"तिला काय सांगू? डॅडी आल्यागेल्याला सांगतात, आमची मुलगी ग्रोनिंगनला. नको. तिला जायला सांग."

जयंतीचे पाय भरून आले होते. ओट्याला धरून ती उठली आणि सहज खिडकीतून खाली पाहिलं. पाहिलं आणि तिथेच थांबली.

"चैत्राली, जरा ये गं इकडे."

खाली शर्मिला नुसती उभी राहिलेली नव्हती. अजितच्या जाकिटाच्या बाहीने ती सायकलीवरचा बर्फ झाडत होती. सीट पुसली, हँडल पुसलं, घंटीत अडकलेला बर्फ नखाने काढला. मग पुढची सायकल. मग तिच्या पुढची. अर्धीअधिक रांग पुसून झाली होती, आणि एक डच म्हातारा कुत्र्याची दोरी धरून तिच्याकडे थक्क होऊन बघत होता. त्याने काहीतरी विचारलं. शर्मिलाने मान हलवली आणि पुढची सायकल धरली.

"हे काय करतेय ती?" चैत्राली म्हणाली.

"तुझी कुठली ते तिला माहीत नाही ना."

चैत्राली खिडकीला नाक लावून बघत राहिली. काच धुरकटली, तिने ती पुसली. तिच्या सायकलची ओळखायची खूण म्हणजे दांड्याला बांधलेली जुनी लाल ओढणी, शर्मिलाचीच. पण ती सायकल रांगेत नव्हतीच, पलीकडे झाडाला टेकून उभी होती, गळ्यापर्यंत बर्फात. आईने एक निळी सायकल पुसली, मग एक मुलाची, उंच.

चैत्रालीने खिडकीची कडी काढली. थंडीचा लोट आत आला.

"आई," ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "आई, ती नाही. ती झाडाजवळची."

शर्मिलाने वर पाहिलं. मास्क खाली ओढला. झाडाकडे गेली, ओढणी हातात आल्यावर तिथेच थांबली, आणि मग दोन्ही हातांनी बर्फ उकरायला लागली.

"मी खाली जाते," जयंती म्हणाली. "पाहुणा एकच, तेव्हा आता ती वर येईल. सांगायचं ते तूच सांग."

चैत्राली नको म्हणाली नाही.

खाली दारात दोघी समोरासमोर आल्या. शर्मिलाचे हात लालबुंद झाले होते.

"काय म्हणाली?"

"ते तीच सांगेल. जा तू. आणि शर्मिला, ते फोटो... ती पंगत मी जमवलेली होती गं. एरवी तिथे तसं काही नसायचं."

शर्मिलाने तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे आम्ही लग्नाचा हॉल बघितला आणि घर पसंत केलं," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

जयंती दुपार कलेपर्यंत त्या सायकलींपाशी उभी होती. कुत्रेवाला म्हातारा परत आला, तिला मोडक्या इंग्रजीत म्हणाला, तुमच्याकडे असं करतात का, छान पद्धत आहे. जयंती हो म्हणाली. काय सांगणार.

चैत्रालीला त्या दिवशी घरी आणलं. परतीच्या गाडीत ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि जयंती दोन रांगा मागे बसली. वर्ष गेलं ते गेलंच. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे तिथल्या घरच्या डॉक्टरकडे फेऱ्या झाल्या, त्याने पुढे मनाच्या डॉक्टर असलेल्या एका बाईंकडे पाठवलं. अजितने काही महिने कुणाला काही सांगितलं नाही, मग तोही सांगायला शिकला. शर्मिला मात्र जयंतीशी बोलेना. भारतीय दुकानात दिसली तर डाळींच्या मागे वळायची. मोरेश्वर म्हणायचा, "तू काय मुद्दाम केलंस?" जयंती म्हणायची, "मुद्दामच तर केलं." आणि त्याला कळायचं नाही. सकाळी चहा करता करता मधेच तिला तो रिकामा बोळ आठवायचा, आणि ज्या ज्या पोरांना तिने तिथे जेवू घातलं होतं त्यांना ती एकेक करून फोन करायची. कुठे आहेस रे, कुणाबरोबर जेवतोस? काहींनी उत्तर दिलं. काहींनी नाही.

एकवीसच्या ऑक्टोबरात विद्यापीठं उघडली होती, म्हणून लोक विचारायला लागले, सहल कधी? जयंती आधी नाहीच म्हणाली. मग एका अटीवर हो म्हणाली. पंगत नाही. जी असेल ती गत बघायची, ज्या दिवशी जाऊ त्या दिवशीची. हे ऐकून बऱ्याच आईबापांनी नावं काढून घेतली. एकजण म्हणाला, "मग एवढ्या लांब जायचं कशाला, रिकामी किचनं इथेही आहेत." उरली मूठभर पोरं. ती घेऊन ती निघाली. फलाटावर आईबाप होते, मास्क लावलेले, हात हलवणारे. नियम तेवढा राहिला होता.

चैत्राली परत ग्रोनिंगनला होती, त्याच बोळात. पहिलं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. जायचं तिनेच ठरवलं होतं, शर्मिलाशी महिनाभर भांडून. जयंतीने तिला फक्त एवढं कळवलं होतं की अमुक शनिवारी येतो आहोत, कुणाला बोलावू नकोस. आणि तिने खरंच कुणाला बोलावलं नव्हतं. स्वयंपाकघरात टेबल परत आलं होतं, एक पाय जरासा डुगडुगणारा. एक डच मुलगा मायक्रोवेव्हपाशी उभा राहून काहीतरी खात होता, पोरं आत आलेली पाहून बाहेर निघून गेला. चैत्राली ओट्याशी कांदा चिरत होती. अजून बारीकच दिसत होती. हसलीबिसली नाही. पोरांना म्हणाली, "बसा. चारच खुर्च्या आहेत."

एका मुलीने दारातच विचारलं, "इथे आपले लोक किती आहेत?"

चैत्रालीने जयंतीकडे पाहिलं. जयंतीने काही सुचवलं नाही. ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

बोळात ती पिशवीवर बसली, विणकाम काढलं. आतून काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायचंही नव्हतं. तरी तिचा जीव टांगणीला लागला होता. सुया हातात तशाच राहिल्या. आत शांतता होती, पोरं गप्प बसली असतील, खाली मान घालून, कुणाला काय विचारावं ते सुचत नसेल. तिला वाटलं, जावं, दार उघडावं, काहीतरी गंमत सांगून सगळ्यांना बोलतं करावं. ती अर्धी उठलीही.

तेवढ्यात तेलात मोहरी तडतडल्याचा वास दाराच्या फटीतून आला, आणि लगेच भोंगा बोंबलला. आत खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी पडता पडता वाचल्याचा, खिडकी उघडल्याचा, आणि चैत्रालीचा चढा आवाज, "अरे ताटली घे, ताटली, वारा घाल." बोळातली दोन-तीन दारं उघडून डोकी बाहेर आली. जयंती दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली. भोंगा वाजतच होता. तिने दार उघडलं नाही.